अर्धवट ऐकलेलं नाव

दादा,

काल बडनेऱ्याला जाऊन आले. तू गेल्याचं आपल्या जुन्या शेजारणीला, गयामायला, कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते काम दुसऱ्या कुणावर टाकावंसं वाटलं नाही. तुझे दिवस अकोल्यात उरकले, खोली रिकामी करून किल्ली घरमालकाला दिली, तुझी ट्रंक घेऊन अमरावतीला परत आले, तरी चार दिवस मी हे टाळत होते. गयामायच्या अंगणात पाऊल ठेवलं की तुझ्यामाझ्यातलं भांडण पुन्हा उभं राहणार आणि या वेळी उत्तर द्यायला तू नसणार, हे ठाऊक होतं.

अकोल्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तुझ्या तापाला नऊ दिवस झाले होते. तू मला ओळखलंस. "शाळेतून सुटी घेतली का?" एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं. मग तुझी बोटं चादरीवर हलत राहिली. स्टेशनातल्या तारयंत्रावर असल्यासारखी, ठिपका, रेघ, रेघ, ठिपका. लहानपणी तूच मला ती लिपी शिकवली होतीस, म्हणून मी वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं जुळत नव्हती. तापातली बोटं होती ती. दोन दिवस तुझ्या उशाशी बसले आणि बोलायचं ते बोलले नाही. म्हटलं, आधी ताप उतरू दे. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

तुझं माझ्यावर ऋण होतं, हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. नवरा गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सासरच्यांनी मला मागच्या खोलीत बसवलं होतं. तू आलास, ओट्यावर बसलास, दिलेला चहा घेतला नाहीस आणि म्हणालास, "बहिणीले घेऊन चाललो." कुणी अडवलं नाही, कारण तू विचारतच नव्हतास. तारबाबू म्हणून तुला मिळालेल्या बडनेऱ्याच्या रेल्वेच्या दोन खोल्यांत मला आणलंस, शिक्षिकेच्या परीक्षेला बसवलंस. माझी नोकरी लागली त्या दिवशी तू भात जाळलास आणि आपण तोच खाल्ला. स्वतः लग्न केलं नाहीस. का, ते विचारलं की तारेचं काम फार आहे म्हणायचास.

रेडिओ बांधायचं तुझ्या डोक्यात आलं ते लढाई सुरू झाल्यावर. विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि विकत घेतलेल्या वस्तूत तुला रसही नव्हता. कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या सेटमधून तीन चांगले काचेचे व्हॉल्व्ह तुझ्या हाती लागले. ते तू कापसात गुंडाळून, डब्यात ठेवून आणलेस आणि जेवणाच्या पाटावर ओळीने मांडलेस. पुढचे कितीतरी दिवस आपण त्याच पाटावर कागद पसरून बसत होतो. पहिला व्हॉल्व्ह हवेतली लहर धरून तिचा आवाज करणार, दुसरा तो आवाज कानाला लागेल इतका वाढवणार. पहिल्याची थोडी ताकद परत त्याच्याच तोंडात घालायची, म्हणजे एका व्हॉल्व्हमध्ये तीन व्हॉल्व्हांचं काम होतं, हे तू मला दहा वेळा तरी समजावलं असशील. ती ताकद कमी पडली की सेट बहिरा राहायचा आणि जास्त झाली की शिट्टी मारायचा. शिट्टीच्या अगदी अलीकडे, काठावर, तो सगळ्यांत तिखट ऐकायचा. तो काठ सापडेपर्यंत तू श्वास रोखून बसायचास.

कॉइली मी गुंडाळल्या. जळक्या व्हॉल्व्हांची बुडं काढून त्यांच्यावर तांब्याची तार, वेढ्याला वेढा न लागू देता. एक वेढा कमी-जास्त झाला की केंद्र डायलच्या बाहेर पळायचं. शाळेच्या वहीत मी प्रत्येक कॉइलचे वेढे लिहून ठेवत होते आणि तू त्या वहीला आपला वेद म्हणायचास. हात जवळ गेला की आवाज सरकायचा, म्हणून तू केंद्र लावायच्या कंडेन्सरला वीतभर लाकडी दांडा जोडलास आणि पुढच्या फळीमागे रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकलास. तरी मी वाकून बघायला लागले की ओरडायचास, "कमल, लांब बस. तुझ्या नथीनंसुद्धा आवाज पळते." मी नथ घालत नव्हते. ती चूक तुझ्या लक्षात आली आणि मग तू कितीतरी वेळ एकच स्क्रू आवळत बसलास.

एरियलची तार आपल्या कौलांवरून गयामायच्या बागेतल्या निंबाला बांधली होती. झेंडू, शेवंती, वांगी, मेथी लावणारं ते माळ्याचं घर. गयामाय, तिची सून सुभद्रा, आणि फौजेत गेलेला मुलगा पुंडलिक. पूर्वेकडे आपली फौज शरण गेली तेव्हापासून पुंडलिकचं पत्र नव्हतं. सरकारी कागद आला होता, त्यात 'बेपत्ता' एवढंच. तू झाडावर चढलास तेव्हा गयामाय खालून म्हणाली, "हे तार कायची बांधून राहिला रे?"

"हवेतून बोलणं येते, माय. परदेशातलं."

ती थोडा वेळ तारेकडे बघत राहिली. "मंग माह्या पुंडलिकाचं येते का?"

तू तिथून हसत उतरला असतास तर सगळंच टळलं असतं. पण तुला ठाऊक होतं की शत्रूच्या केंद्रावरून दिवेलागणीच्या सुमाराला पकडलेल्या शिपायांची नावं हिंदुस्थानीत वाचतात. नाव, बापाचं नाव, जिल्हा. स्टेशनात कुजबुज होती. तू म्हणालास, "पाहतो." आणि त्या दिवसापासून आपला सेट गमतीचा राहिला नाही.

तिसऱ्या व्हॉल्व्हवरून आपण भांडलो ते इथेच. तुला तो सगळ्यांत पुढे लावायचा होता, एरियल आणि पहिल्या व्हॉल्व्हच्या मध्ये. त्यानं आपली शिट्टी एरियलवाटे गावभर जाणार नाही आणि दोन केंद्रं एकमेकांत मिसळणार नाहीत, असं तुझं म्हणणं. मी म्हणत होते, शेवटी लाव, आवाज मोठा होईल. तुझा डावा कान लहानपणी फुटला होता आणि तारेच्या खटखटीनं उजवाही थकत चालला होता. ते तू कुणाजवळ कबूल करत नव्हतास, पण मला दिसत होतं. मी तोंडावर म्हटलं, "पुढे लावून लहर स्वच्छ येईल, पण तुलाच ऐकू नाही आली तर?" तू कागद घडी करून ठेवलास. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह मागे लावलेला होता.

हे मी अजून मनातून काढू शकले नाही. तू म्हणत होतास तसा तो पुढे असता तर त्या संध्याकाळी काय झालं असतं, कोण जाणे.

एकवीस दिवस आपण रोज ऐकलं. हेडफोन एकच, म्हणून तो उकलून एक तुकडा तुझ्या उजव्या कानाला आणि एक माझ्या डाव्या. डोक्याला डोकं लावून बसायचो. नावं येत होती. पंजाबातली, मद्रासकडची, साताऱ्याची. प्रत्येक नावाला वाटायचं, आता कुणाच्या तरी घरात दिवा लागला. आवाज झोके घेत यायचा, जवळ यायचा, मग विहिरीत गेल्यासारखा खोल जायचा. बाविसाव्या संध्याकाळी वाचणारा माणूस एका नावाशी आला आणि आवाज बुडाला. खरखर. मग "जिला अमरावती, बरार" हे शब्द वर आले आणि पुन्हा गेले. माझ्या कानावर एवढंच आलं.

तू हेडफोन काढलास आणि म्हणालास, "पुंडलिक."

"मला नाही ऐकू आलं."

"मले आलं."

मी काही बोलायच्या आत तू कुंपण ओलांडून गेला होतास. गयामायचा आवाज मी घरातून ऐकला. रडणं नव्हतं ते. ती नुसतं "आहे, आहे" म्हणत होती, पुन्हा पुन्हा. थोड्या वेळानं सुभद्रा ओंजळभर शेवंती घेऊन आली आणि ती सेटसमोर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विषय काढला. तू जोडे घालत होतास.

"दादा, तू खरंच नाव ऐकलं?"

"तारेत अक्षरं गळतात, कमल. आम्ही अर्थावरून भरतो. तारबाबूले अर्धा शब्द पुरते."

"नाव अर्थावरून भरता येत नाही."

तू जोड्याची नाडी बांधलीस आणि कामावर गेलास.

आपल्या सेटची शिट्टी गावातल्या दुसऱ्या एका सेटवर रोज वाजत होती, तिची तक्रार आधीच गेली होती. त्यात गयामायनं बाजारात सगळ्यांना सांगितलं की मास्तरीणबाईच्या भावानं माझा मुलगा ऐकला. शत्रूच्या केंद्राची बातमी पसरवणं गुन्हा होता. दहा दिवसांत फौजदार आला. सेट, बॅटरी, कॉइली, वही, सगळं पोत्यात घालून नेलं. आठ महिने तू रोज पाटावर जे मांडत होतास, ते एका हवालदारानं खांद्यावर टाकलं. तुझी चौकशी झाली आणि तुला खालच्या जागेवर अकोल्याला पाठवलं. त्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. मीही तुला दोष दिला नसता. माझा राग वेगळा होता.

त्याच महिन्यात सुभद्राचा बाप कौंडण्यपूरकडून तिला न्यायला आला होता. त्यांच्यात बाई दुसरं घर करू शकते. मला जे मिळालं नाही ते तिला मिळणार होतं. बापानं एक बिजवर पाहूनही ठेवला होता. पण नवरा जिवंत आहे म्हटल्यावर तो कसा नेणार? आल्या पावली परत गेला. सुभद्रा तेव्हा विशीतली होती. नंतर मी अमरावतीला खोली घेतली, पण रोज सकाळच्या गाडीनं फुलांच्या टोपल्या घेऊन तिथल्या स्टेशनावर उतरताना ती मला दिसायची. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. लढाई संपली. सुटलेले शिपाई घरी आले. पुंडलिक आला नाही. 'मृत समजावं' असा दुसरा कागद आला, तो गयामायनं चुलीत घातला. कमलच्या दादाला ऐकू आलं ते खोटं का, असं ती पोस्टमनला म्हणाली.

तेव्हा मी तुला ते पत्र लिहिलं. "तू एका बाईचं आयुष्य अडकवून ठेवलंस. माझ्या बांगड्या फुटल्या ते तुला बघवलं नाही, म्हणून दुसरीच्या हातात तू खोट्या बांगड्या भरल्यास. तिला विचारलंस का?" असं लिहिलं होतं. एकेक शब्द निवडून. तुझं पोस्टकार्ड आलं. "तुझं म्हणणं बरोबर आहे. तब्येत सांभाळ." बाकी काही नाही. त्यानंतर तीन वर्षं दिवाळीला तू यायचास, फराळ व्हायचा, आपण शाळेबद्दल आणि पावसापाण्याबद्दल बोलायचो आणि तू दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत जायचास. अकोल्याच्या खोलीत मी तुझी ट्रंक भरली तेव्हा तीत एकही तार, एकही कागदावरचं सर्किट नव्हतं. तू पुन्हा कधी काही बांधलं नाहीस, हे मला तेव्हा कळलं. दिवाळीत विचारायचं माझ्या मनात आलं नव्हतं.

आता कालचं सांगते.

गयामाय खाटेवर होती. तिला आता डोळ्यानं फारसं दिसत नाही. मी सांगितलं, दादा गेला. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग तिला डुलकी लागली, तशी मी मागच्या बागेत गेले. सुभद्रा विहिरीवर टोपल्या धूत होती. मी ठरवूनच गेले होते. तू गेलास, आता झाकून काय ठेवायचं? मी म्हटलं, "सुभद्रा, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी नाव ऐकू आलं नव्हतं. मी बाजूलाच होते. दादा खोटं बोलला."

ती टोपली उलटी करून ठेवत म्हणाली, "मले मालूम हाये."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तुमचा दादा आठ दिसानं आला होता. फौजदार यायच्या आंधी. सासू बाजारात गेली होती. म्हने, सुभद्रा, नाव मले नाई आलं. अमरावती आलं आन् बरार आलं. बाकीचं म्या भरलं. तुहा बाप आला तं तू जाय. मी सासूले समजावतो."

"मग तू गेली का नाहीस?"

"बापानं पाह्यला तो मानूस मले नोको होता." ती सरळ उभी राहिली. "त्यानं पयली बायको कशी ठेवली होती ते आमाले सगळ्याइले मालूम होतं. नवरा जित्ता हाये म्हटल्यावर बापाले बोलता येत नव्हतं. म्या दादाले म्हटलं, तुमी कायी बोलू नोका. राहू द्या तसंच."

विहिरीच्या काठावर मी बसले. तुझं पोस्टकार्ड मला डोळ्यांपुढे दिसत होतं. "तुझं म्हणणं बरोबर आहे." तिला विचारलंस का, असं मी लिहिलं होतं, आणि तू तर विचारलं होतंस.

"मग मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. "तुम्ही दोघांपैकी कुणीच. इतकी वर्षं."

सुभद्रानं पदरानं हात पुसले. "त्यानंच शपथ घातली होती. म्हने, कमलले सांगू नोको. तिले खोटं जमत नाई. म्हातारीनं कधी विचारलं तं तिच्या तोंडातून खरं निघून जाईन."

दादा, हे ऐकून मला तुझा अभिमान वाटला असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. आधी तुझाच संताप आला. तू मला तीन वर्षं तुझा तिरस्कार करू दिलास. एका म्हातारीच्या समाधानासाठी बहिणीला किंमत मोजायला लावलीस आणि तिलाही विचारलं नाहीस. मी गप्प राहिले असते की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतंस. तुझ्या उशाशी बसून मी दोन दिवस जे गिळलं ते तुला कळत होतं का? कळत असेल तर तेव्हा तरी बोलायचं होतंस. तू चादरीवर काय वाजवत होतास? मी आता त्याचेही अर्थ लावत बसते, आणि मग मलाच थांबवते.

मग संताप ओसरला आणि दुसरंच काहीतरी उरलं, त्याला नाव देता येत नाही. तू खोटं बोललास, ते अंगावर आलं, ज्याला सांगायला हवं त्याला जाऊन सांगितलंस आणि नोकरी, सेट, बहीण, जे गेलं ते जाऊ दिलंस. मी तुला दुबळा समजत होते. त्या खोट्यात सुभद्राचा स्वतःचा निर्णय होता, हे माझ्या पत्रात कुठेच नव्हतं. मीही तिला विचारलं नव्हतं. रोज सकाळी तिला स्टेशनावर बघत होते आणि तिच्याबद्दल पत्र मात्र तुला लिहिलं.

निघायच्या आधी खाटेपाशी गेले. गयामाय जागी होती. तिनं हातानं चाचपून मला खाली बसवलं.

"कमल, तू होती ना तवा त्याच्या बाजूले?"

"होते, माय."

"तुहाबी कान लावला होता ना त्या मशिनीले?"

"हो."

इतक्या वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं. मी सुभद्राकडे पाहिलं. ती दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"मंग तुलेबी आलं का नाव?"

"आलं, माय," मी म्हटलं.

म्हातारीचा अंगठा माझ्या मनगटावरून फिरत होता. मला वाटलं, एवढ्यानं झालं. मग तिनं विचारलं, "कसं म्हनलं त्या मशिनीतल्या मानसानं? पुंडलिक म्हनलं, का पुंडलिकराव?"

"पुंडलिकराव म्हणाला," मी सांगितलं.